मागच्या नळीचा इतिहास

आमच्या गावाचं नाव नुसतं धामणगाव नाही, धामणगाव रेल्वे. माणसाला जसं आडनाव तसं आमच्या गावाला रेल्वे. महाराष्ट्रात धामणगावं पुष्कळ. त्यामुळे पत्त्यात हे आडनाव लावलं नाही तर लग्नपत्रिका भलत्याच जिल्ह्यात जाते आणि भलतेच लोक जेवायला येण्याचा धोका असतो. माझ्या सोयरिकीच्या वेळी सासरेबुवांनी विचारलं, "मुलगा कुठं आहे?" आमचे मामा म्हणाले, "धामणगाव रेल्वेला." सासरेबुवांचा चेहरा एकदम उजळला. मुलगा रेल्वेत आहे असं ते समजले. तो बँकेत कारकून आहे हे कळेपर्यंत सुपारी फुटली होती.

ते असो. सांगायचंय ते गाडीबद्दलच, पण रुळावरच्या नव्हे. आमच्या दादाच्या पिकअपबद्दल. आणि खरं म्हणजे पिकअपबद्दलही नाही, तिच्या मागच्या नळीबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, सायलेन्सर हा काय लिहिण्याचा विषय झाला? इतिहासात राजे असावेत, तह असावेत, गेला बाजार एखादी गनिमी चढाई तरी असावी. मलाही तसंच वाटायचं. मी पडलो बी.कॉम. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला आणि यंत्राशी तो कधी जुळलाच नाही. घरातल्या मिक्सरचं झाकण लावताना अजूनही माझा हात थरथरतो. पण या नळीपायी मला लागोपाठ तीन रविवार मिस्त्र्याच्या दुकानात, ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून काढावे लागले. माणूस डब्यावर बसला की एक तर तंबाखू खातो, नाही तर विचार करतो. तंबाखू मला डॉक्टरांनी बंद केली आहे.

दादाची पिकअप जुनी. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीनं बिचारीनं गाडी धडधाकटच दिली होती, पुढचं सगळं आम्ही केलं. दादानं ती सेकंडहँड घेतली, कर्ज काढून, आणि त्या कर्जाला जामीन मी. बँकेतल्या माणसानं कुणाला जामीन राहू नये हे मी बँकेत आलेल्या प्रत्येकाला सांगत असतो. पण सख्ख्या भावापुढे ज्ञानाचं काही चालत नाही. या पिकअपमधून दादा सकाळी यवतमाळला भाजीपाला नेतो, हंगामात कापूस आणि सोयाबीन वाहतो आणि लग्नसराईत मंडपाचे बांबू. दोन घरं, एक कर्ज आणि पुतण्याचं कॉलेज एवढा बोजा त्या चार चाकांवर आहे. कागदावर तिची क्षमता याहून कमी लिहिलेली आहे.

तर गेल्या दिवाळीनंतर एका गतिरोधकावर या पिकअपचा सायलेन्सर गळून पडला. आदळून नव्हे. पिकलं फळ पडावं तसा शांतपणे. दादा मागे फिरून तो उचलून घेऊन आला. बाहेरून बरा दिसत होता, हातात धरला तर आतून पापडासारखा. पुढं मिस्त्र्यानं त्याचं कारण सांगितलं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन नळीतून निघतं. गाडी लांब पळाली तर नळी तापते आणि वाफ बाहेर जाते. गावातल्या गावात फिरली तर पाणी आतच थिजतं, धुरातल्या आम्लाला मिळतं आणि पत्रा आतून खातं. काही संस्थांचंही असंच होतं. बाहेरून रंगरंगोटी असते, आणि एक दिवस साध्या गतिरोधकावर सगळं खाली येतं.

आता पुतण्याला चेव आला. त्यानं दादाला पटवलं की मूळचा सायलेन्सर महाग, शिवाय "त्यात काई दम नाई." तो गाडी घेऊन बाहेरगावी कुठं तरी गेला आणि एक सरळसोट, चकचकीत, मधे डबा नसलेली नळी बसवून आला. गाडी गल्लीत शिरली तेव्हा आमच्या घरातली भांडी फळीवर नाचली. शेजारच्या काकूंनी दारं लावून घेतली. पुतण्या उतरला आणि म्हणाला, "काका, गाडीचा आवाज म्हंजे गाडीची इज्जत हाये."

मी म्हटलं, "इज्जत असते त्याला ओरडून सांगावं लागत नाही."

"तुमाले त्यातलं काई समजत नाई," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्या वेळी कुणालाच काही समजत नव्हतं, हे पुढे कळलं.

या आवाजाचा फायदा एकट्या आईला झाला. तिला हल्ली ऐकू कमी येतं. दादा रात्री परत येईपर्यंत ती झोपत नाही. पूर्वी दर पंधरा मिनिटांनी विचारायची, "कावून रे, आली का नाई गाडी अजून?" आता गाडी गावाच्या वेशीवर आली की तिला अंथरुणात कळायचं. "आला," असं म्हणायची आणि कूस बदलून झोपायची. वहिनी तेवढ्यात तवा ठेवायच्या.

मग जानेवारी आला. थंडी पडली आणि दादा काचा लावून गाडी चालवू लागला. त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी निघताना बरा असायचा, यवतमाळला पोचेपर्यंत जड व्हायचा. वहिनी म्हणाल्या, जागरणं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर. आई म्हणाली, नजर. तिनं मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, आणि घरभर असा ठसका उठला की आधीच दुखणारं डोकं आणखी दुखलं. एका रात्री परत येताना दादाचा डोळा लागला आणि पिकअप रस्ता सोडून तुरीच्या शेतात गेली. तूर उंच होती, जमीन मऊ होती. काही झालं नाही. झालं नाही म्हणून आज मी हे विनोदी लिहितोय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दादाला घेऊन आमच्या जुन्या मिस्त्र्याकडे गेलो. मिस्त्री साठीचा, बोलणं कमी, कान तिखट. त्यानं गाडी चालू करायला लावली, चकचकीत नळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि बॉनेट उघडलं. मग ओल्या पोत्याचा बोळा करून मागच्या नळीच्या तोंडाशी घट्ट दाबून धरायला मला सांगितलं. बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या जबाबदारीचं काम माझ्यावर कुणी टाकलं नव्हतं. मागून वाट बंद झाली तशी इंजिनाजवळून "फुस्स" असा आवाज आला. मिस्त्र्यानं तिथं बोट ठेवलं. इंजिनातून धूर जिथं नळीत शिरतो तो जोड. गॅस्केट जळालेलं, एक नट बेपत्ता आणि सभोवती काजळीचं फूल उमटलेलं.

"सायेब," तो म्हणाला, "आवाज मांगं हाये, बिमारी समोर हाये."

नव्या जड नळीला नीट आधार दिलेला नव्हता. ती लोंबकळून हिसके देत होती आणि समोरचा जोड उचकटत होता. धूर थोडा थोडा थेट केबिनमध्ये येत होता. पण मागच्या गडगडाटात समोरची फुसफूस ऐकू येणार कुणाला?

आमच्या बँकेतही असंच असतं. काउंटरवर आरडाओरडा करणाऱ्या कर्जदाराची आम्ही काळजी करत नाही. तो बोंबलतो, पण भरतो. बुडवतो तो गप्प बसणारा, गोड हसणारा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा त्या जातीचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि प्राणवायूला बसायला जागाच उरत नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात खाणीत मेलेल्या कामगारांचा अभ्यास करून हा प्रकार उलगडला. खाणीत लहानसा प्राणी बरोबर न्या, त्याला आधी बाधेल, असं त्यानं सुचवलं. म्हणून ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी जात, ते पार १९८६ पर्यंत. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण डिझेलचा धूर म्हणजे काही उदबत्ती नव्हे. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तो माणसात कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. आमच्या केबिनमध्ये कॅनरी नव्हता. दादाच होता.

मिस्त्र्यानं त्याच रविवारी समोरचा जोड दुरुस्त केला आणि काचा उघड्या ठेवायची ताकीद दिली. मागची नळी मात्र काढून, मापानं नवा सायलेन्सर हातानं बनवू म्हणाला. त्याला दोन रविवार लागतील, कारण आठवडाभर गाडी धंद्यावर. दादा थंडीत काचा उघड्या ठेवून, गळ्याला मफलर गुंडाळून जाऊ लागला. अमेरिकेत सायलेन्सरलाच मफलर म्हणतात हे मला पुढे वाचून कळलं. म्हणजे गाडीचा मफलर तेवढे दिवस दादाच्या गळ्यात होता.

इथून माझं इतिहास-संशोधन सुरू झालं. पहिल्याच रविवारी डब्यावर बसलो असताना समोरून एक्सप्रेस धडधडत गेली, आणि मला एकदम जाणवलं की आमच्या गावाचं आडनावसुद्धा एका धुराच्या नळीनं दिलेलं आहे.

झालं असं. वाफेचं इंजिन काम करून झालेली वाफ बाहेर टाकतं. ही वाफ उगाच इकडेतिकडे सोडण्यापेक्षा धुराड्यात वर सोडली तर भट्टीची आग जोरात पेटते, हे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या १८०४ च्या इंजिनात दिसलं. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या १८२९ च्या 'रॉकेट'नं त्याचं सोनं केलं. टाकाऊ वाफ वर उसळताना मागून हवा ओढते, हवा निखाऱ्यातून जाते, आग भडकते, आणखी वाफ होते. थोडक्यात इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासानं स्वतःची चूल फुंकतं. आमच्या आईनं आयुष्यभर जी फुंकणी फुंकली तीच ही फुंकणी, फक्त फुंकणारी सून वेगळी नेमावी लागत नाही. आणि आपण लहानपणी जे 'छुक छुक' म्हणत गाडी गाडी खेळलो तो आवाज चाकांचा नव्हे, या फुंकणीचा. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठं चाक एकदा फिरलं की चार छुक.

ही फुंकणी नसती तर आगगाडी वेगानं पळाली नसती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, १८६७ साली तो लोहमार्ग नागपूरला पोचला आणि वाटेत आमचं धामणगाव पडलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेणं हा त्यातला मोठा हेतू. यवतमाळची मंडळी आगगाडीसाठी धामणगावला येऊ लागली, आजही येतात. माझी आत्या दारव्ह्याला. तिच्याकडे मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेनं जायचं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. त्या इंजिनाचा दम ऐकून आत्या भात टाकायची. पुढे डिझेल इंजिन आलं तेव्हा आत्या म्हणाली, "आता भात कवा टाकू?" तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मिस्त्र्यानं सायलेन्सरचा डबा बनवायला घेतला. पुतण्या मदतीला होता, म्हणजे मोबाइल बघत उभा होता. घरी बोअरचा जस्ताचा पाइप पडलाय, तोच वापरा, पैसे वाचतील, असं दादानं सुचवलं. मिस्त्री म्हणाला, "त्याले वेल्डिंग मारलं का पांढरा धूर सुटते, बापा. मंग रात्री मले ताप येते. तुमचे पैसे वाचतीन, म्या नाई वाचणार." जस्त जळून झालेल्या धुरानं खरोखरच हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून साधा काळा पाइप आणला. मिस्त्र्यानं त्याला ओळीनं भोकं पाडली, पत्र्याचा गोल डबा वळला, त्यात दोन पडदे उभे केले आणि म्हणाला, "इतलंच हाये सायलेन्सर. धुराले घर फिरवून आनाचं."

याहून सोपी व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. इंजिनाचे चार धंदे: हवा घ्या, दाबा, पेटवा, फेका. फेकायच्या वेळी दार उघडतं तेव्हा आतला वायू अजून जोरात दाबलेला असतो. तो सुटतो त्याचा फटाका होतो, आणि असे फटाके मिनिटाला हजारोंनी. डब्यात शिरल्यावर वायूला अंग पसरायला जागा मिळते, तो भोकांतून आणि पडद्यांतून वळसे घेतो, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. बाहेर येतो तो दमलेला. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतो, तेच तत्त्व. मात्र वळसे फार झाले तर इंजिनाचा श्वास कोंडतो, गाडी ओढत नाही आणि डिझेल जास्त पितं. तिथं माप लागतं. आमच्या बँकेत ते माप अजून कुणाला सापडलेलं नाही.

ही युक्ती पहिल्यांदा पेटंट करून घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या कोलंबस गावचे रीव्ह्ज बंधू होते. मिल्टन रीव्ह्जनं १८९६ साली मोटार बनवली. तिच्या आवाजानं गावातले घोडे बिथरू लागले. आता घोडे बिथरले की टांगे उलटतात, टांगे उलटले की लोक मोटारवाल्याच्या दारात येतात. म्हणून १८९७ साली मिल्टन आणि त्याचा भाऊ मार्शल यांनी धुराच्या नळीला आवाज दाबणारा डबा बसवला आणि त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे सायलेन्सर जन्माला आला तो माणसाच्या कानांसाठी नव्हे, घोड्यांच्या कानांसाठी. याच मिल्टननं पुढे १९११ साली आठ चाकांची मोटार बनवली. धक्के कमी बसतात म्हणे. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून पुढल्या वर्षी सहा चाकांची बनवली. माणूस घसरला तरी दोन-दोन चाकांनी घसरत होता. मला हा माणूस फार आवडला. आमचा दादा त्याच्याच वळणाचा.

त्याच १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन चाचणीत उतरलं. त्यानं जळलेल्या इंधनातली शंभरातली सव्वीस टक्के उष्णता कामी लावली, आणि लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण त्या काळच्या वाफेच्या इंजिनाची मजल दहा टक्क्यांच्या आसपास. मला मात्र उरलेल्या चौऱ्याहत्तरांची चिंता लागली. हिशेबाचा माणूस आहे मी. आज इंजिनं सुधारली, तरी ढोबळमानानं शंभर रुपयांच्या डिझेलमधले तीसेक रुपयांचं मागच्या नळीतून ऊन होऊन जातं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अन् तीस तुह्या बँकेच्या व्याजात जाते. त्याले कोनता डबा बसवू?"

पण या सगळ्या इतिहासात माझ्या मनात घर केलं ते मॅक्सिम बापलेकांनी. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. यानं १८८० च्या दशकात मशीनगन बनवली. साम्राज्यांना ती फार आवडली, त्याला 'सर' पदवी मिळाली. आयुष्यभर आपल्याच तोफांच्या कडकडाटात राहून हा गृहस्थ ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. तो मोटारींच्या धंद्यातला. न्हाणीघरातलं पाणी मोरीत गोल भोवरा करून जातं ते पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. वायूलाही असाच फिरवला तर? त्यानं बंदुकीचा आवाज दाबणारी नळी काढली, १९०९ साली तिचं पेटंट मिळालं, आणि पुढे त्याच्या कंपनीनं तीच विद्या इंजिनांच्या सायलेन्सरला लावली. बापानं जगाचे कान फोडले आणि लेकानं बोळे घातले. आमच्या घरी उलटं झालं. लेकानं नळी फोडली आणि बाप बोळे घालत फिरतोय.

हे मी पुतण्याला ऐकवलं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "काका, त्या राती बाबाले झोप लागली, ते त्या नळीपायी?"

मिस्त्र्यानं वेल्डिंगचा चष्मा वर केला नाही. मीही काही बोललो नाही. पुतण्यानं खाली वाकून डब्याचं दुसरं टोक धरलं आणि मग संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

तिसरा रविवार बसवण्याचा. त्या दिवशी दुकानात दोनचार म्हातारे जमले होते, कारण गाडीखाली कुणी झोपलेलं असलं की आमच्या गावात म्हातारे जमतात. त्यातल्या एकानं कोळशाच्या बसची आठवण काढली. आजोबाही सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवत. तीत कोळसा अर्धवट जाळायचा आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचं. चढ आला की उतारू खाली उतरत. तिकिटात चढ धरलेला नसे. हा वायू कोणता, म्हणून मी घरी येऊन वाचलं. त्यातला जळणारा मुख्य भाग कार्बन मोनॉक्साइडच! जो दादाला तुरीत घेऊन गेला, त्याच्याच जिवावर एके काळी वऱ्हाड लग्नाला जात होतं. विष आणि इंधन यांत फरक तो कोणत्या नळीतून कुठे जातं एवढाच.

पिकअप हा शब्दही आमच्याकडे अलीकडचा. आम्ही लहानपणी मालाच्या प्रत्येक छोट्या गाडीला टेम्पो म्हणायचो. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनं त्यांच्याशी करार करून तीनचाकी आणली. ती तीनचाकी केव्हाच बंद झाली, कंपनीनंही २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण मराठीनं टेम्पो काही सोडला नाही. आईच्या लेखी दादाची पिकअपही टेम्पोच.

आणि कायदा? तोही जुना. आपल्याकडे पहिला मोटार कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, आत्ताचा १९८८ चा. त्याखालच्या १९८९ च्या नियमांत एकशेविसावा नियम सायलेन्सरचा: प्रत्येक मोटारीला असा सायलेन्सर हवा की जो पसरट कप्प्यानं किंवा अन्य मार्गानं आवाज कमी करील. सरकारी भाषेत हे वाक्य बरंच लांब आहे, पण अर्थ तोच. धुराले घर फिरवून आनाचं. २०१९ च्या दुरुस्तीनं आवाजाचा आणि धुराचा दंड पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत गेला. शहरांत पोलीस बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोड रोलर फिरवतात. २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहाची अट आली, आणि आताच्या डिझेल गाडीची मागची नळी म्हणजे छोटा रासायनिक कारखानाच. काजळी गाळायची, विषारी वायू निवळायचे. दादाच्या जुन्या गाडीला हे काही नाही. तिला होता एक मिस्त्री.

त्यानं सायलेन्सर चढवला. रबरी आधार नवे घातले, कारण नळीनं डुलावं पण लोंबकळू नये. मागचं तोंड केबिनपासून दूर, पार शेवटी काढलं. पुन्हा ओल्या पोत्याचा बोळा माझ्याकडे आला, या वेळी मी तो अनुभवी माणसासारखा दाबला. सगळीकडे शांत. कुठे फुसफूस नाही. मिस्त्री गाडीखालून निघाला आणि म्हणाला, "आता श्वास मोकळा हाये." पैसे त्यानं इतके कमी सांगितले की माझ्यातला जामीनदार सुखावला आणि माझ्यातला माणूस शरमला. दादानं वर दोनशे दिले. पुतण्यानं ती चकचकीत नळी स्वतः भंगारात घातली. तिचे साठ रुपये आले.

जुन्या मालगाडीला आता दरवर्षी पासिंग. पंधरा दिवसांनी गाडी अमरावतीला पासिंगला गेली. तपासणाऱ्यानं वाकून पाहिलं, गाडी रेटून पाहिली, धूर मोजला आणि पुढे व्हा म्हणाला. त्याच्या लेखी नळीत काही विशेष नव्हतं. चांगल्या नळीचं हेच वैशिष्ट्य असावं. दादाचं डोकं दुखायचं थांबलं. हप्ता वेळेवर भरला गेला. मी बँकेत मान वर करून वावरू लागलो.

इतिहास इथं संपायला हवा होता. पण त्या रात्री साडेदहाला आई उठून बसली. "कावून रे, नाई आला अजून दादा?"

दादा केव्हाच येऊन, जेवून, झोपला होता. गाडी दारात उभी होती. कुणाला कळलंच नव्हतं. वहिनींनी त्याला गार भाकर वाढली होती, आणि त्याबद्दल त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. मी आईला दादाच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. तिनं त्याचं घोरणं ऐकलं आणि मग झोपली. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री पुन्हा. मला दारव्ह्याची आत्या आठवली, हातात तांदळाचं ताट घेऊन उभी.

शेवटी तोडगा पुतण्यानं काढला. आता रात्री गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की दादा एकदाच, अगदी आखूड, हॉर्न देतो. एवढ्या रात्री हॉर्न वाजवणं कायद्यात कुठं बसतं हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही. शेजारच्या काकू त्या हॉर्नवर घड्याळ लावतात. वहिनी तवा ठेवतात.

आणि आई अंथरुणातून म्हणते, "आला." मग कूस बदलते.